‘त्या दुकानाचं नाम कुठे लिहिलंय?’ : इंदूरच्या एका मुलीनं नाम ओळखायला शिकण्याची गोष्ट

ही नोंद एका मुलीची आहे. वय दहा, इयत्ता पाचवी, शाळा इंग्रजी माध्यमाची, मैदानावरची भाषा हिंदी आणि घरात आजीमुळे टिकून राहिलेली मराठी. तिचं खरं नाव देत नाही, छकुली म्हणू. मी इंदूरला शाळेत हिंदी शिकवते आणि रविवारी सकाळी रामबागेजवळ सात-आठ मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवते. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. या मुलांच्या घरांतली मराठी तेव्हापासूनची, काही घरांत त्याही आधीची. ती बोलली जाते, पण शाळेत शिकवली जात नाही. त्यामुळे मुलांना मराठी येते आणि मराठीचं व्याकरण मात्र परक्या भाषेसारखं समोर येतं.

छकुलीला नाम ओळखता यायला सहा रविवार लागले. त्या सहा रविवारांत तिच्या चुका बदलत गेल्या, आणि प्रत्येक चूक मला माझ्या शिकवण्यातली एकेक फट दाखवून गेली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला कागद

मी स्वतः लिहिलेला छोटा उतारा मुलांना दिला होता. खाली एकच सूचना होती: नामे अधोरेखित करा.

‘रविवारी सकाळी आजी छकुलीला घेऊन राजवाड्यावर गेली. चौकात खूप गर्दी होती. एका दुकानात गरम पोहे मिळाले. पोह्यांवर शेव होती आणि लिंबाचा आंबटपणा जिभेवर रेंगाळत होता. कबुतरांचा थवा उडाला तेव्हा छकुलीला आनंद झाला. आजीच्या चालण्यात मात्र थकवा दिसत होता.’

यात एकवीस ठिकाणी नाम येतं. छकुलीनं चार ठिकाणी रेघ मारली होती: ‘रविवारी’, ‘राजवाड्यावर’ आणि दोन्ही वेळा ‘छकुलीला’. बाकी उतारा कोरा.

ही मुलगी अडखळत वाचणारी नाही. उतारा तिनं घडाघडा वाचून दाखवला होता. मला वाटलं, लक्ष नव्हतं. म्हटलं, “अगं, दुकान राहिलं की!”

“पण बाई, त्या दुकानाचं नाम कुठे लिहिलंय?”

“बरं, मग आजी?”

“आजीचं पण नाम नाही लिहिलं. नुसतं आजी लिहिलंय.”

मी कागद हातात धरून उभी राहिले. तिनं काय वाचलं होतं ते तेव्हा लक्षात आलं. हिंदीत नाम म्हणजे नाव. ‘तुम्हारा नाम क्या है?’ हे ती जन्मापासून ऐकते आहे. आणि ज्याला मराठीत आपण नाम म्हणतो त्याला हिंदीत संज्ञा म्हणतात. आठवडाभर शाळेत मीच शिकवते की किसी व्यक्ति, वस्तु, स्थान या भाव के नाम को संज्ञा कहते हैं. त्या वाक्यातसुद्धा ‘नाम’ आहे, आणि तिथे त्याचा अर्थ नुसता नाव इतकाच आहे. मराठीत ‘संज्ञा’ म्हणजे एखाद्या शास्त्राच्या परिभाषेतला शब्द. पाणिनीनं ‘गुण’, ‘वृद्धी’ असे शब्द आपल्या कामासाठी ठरवून घेतले, त्यांना आपण पाणिनीच्या संज्ञा म्हणतो. लिपी एक, शब्द तेच, पण घरं बदललेली.

पुण्या-नागपुरातल्या मुलाला हा पेच सहसा पडत नाही. त्याच्या कानावर ‘नाम’ येतं ते नामस्मरणात, नामजपात. इंदूरच्या मुलाला ते दिवसातून पन्नास वेळा, रोजच्या हिंदीतून ऐकू येतं. छकुलीनं सूचना ‘नावं अधोरेखित करा’ अशी वाचली. वाराचं नाव, ठिकाणाचं नाव, मुलीचं नाव. तिनं वाचलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं एकही चूक न करता दिलं होतं. मी तो कागद तपासताना सतरा चुका मोजल्या होत्या.

एक गोष्ट मला त्याच दिवशी आवडून गेली होती, ती इथेच सांगते. राजवाडा हा शब्द एरवी कुठल्याही राजाच्या वाड्याला लागू पडेल. छकुलीनं तो ठिकाणाचं नाव म्हणून घेतला. इंदूरच्या माणसाला राजवाडा म्हणजे एकच, चौकासमोरचा, सात मजल्यांचा. सामान्यनाम वापरून वापरून विशेषनाम कसं होतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

व्याख्येनं केलेला गोंधळ

पुढच्या रविवारी मी दुरुस्ती केली. ‘मराठीतलं नाम म्हणजे हिंदीतली संज्ञा,’ असं फळ्यावर लिहिलं. मग आपल्याकडे साधारण जशी शिकवतात तशी व्याख्या सांगितली: प्रत्यक्षातल्या किंवा कल्पनेतल्या वस्तूंना आणि त्यांच्या गुणधर्मांना दिलेली नावं म्हणजे नामं. विशेषनाम, सामान्यनाम, भाववाचक नाम हे तीन प्रकारही सांगून टाकले. तोच उतारा पुन्हा दिला.

आता कागदावर रेघाच रेघा. दुकान, चौक, पोहे, शेव, कबुतरं, सगळं आलं. पण ‘गरम’खालीही रेघ होती, ‘उडाला’खालीही होती, आणि ‘गर्दी’, ‘आनंद’, ‘थकवा’ मात्र सुटले होते. विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं. गरम हा पोह्यांचा गुण आहे, म्हणजे गुणाला दिलेलं नाव. उडाला हे कबुतरांच्या कामाचं नाव. आणि आनंद? “आनंद तर झाला, बाई. झाला म्हणजे ते कामच झालं ना.”

या मुलीला व्याख्या समजली नव्हती असं मी म्हणणार नाही. तिनं व्याख्या शब्दशः घेतली. भाषेतला प्रत्येक शब्द कशाचं ना कशाचं नाव असतोच. लाल हे रंगाचं नाव, पळणं हे क्रियेचं नाव, पटकन हे घाईचं नाव. अर्थावर उभी केलेली व्याख्या घेऊन निघालं की सगळी भाषाच नाम होऊन बसते. मोठ्यांना ही अडचण जाणवत नाही, कारण नाम ओळखायला आपण व्याख्या वापरतच नाही. आधी कानानं ओळखतो आणि मग व्याख्या चिकटवतो.

हा पेच जुना आहे, यानं मला धीर आला. ‘निरुक्त’ हा वैदिक शब्दांच्या अर्थाचा प्राचीन ग्रंथ लिहिताना यास्कांनी शब्दांचे चार वर्ग सांगितले: नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे अव्ययं. नामात सत्त्व प्रधान, आख्यातात भाव प्रधान, अशी त्यांची वाटणी. सत्त्व म्हणजे एक गोष्ट म्हणून उभं असलेलं काही, भाव म्हणजे घडत असलेलं काही. मग क्रियेची नावं कुठे ठेवायची? यास्क म्हणतात, तीच क्रिया घडताना सांगितली तर व्रजति (जातो), पचति (शिजवतो). आणि तीच गोठून एक वस्तू झाल्यासारखी सांगितली तर व्रज्या (जाणं), पक्ति (शिजवणं). मराठीत म्हणायचं तर ‘चालते’ आणि ‘चालणं’. क्रिया एकच, पण एकदा ती वाहते आहे आणि एकदा आपण तिला उचलून बाजूला ठेवली आहे. छकुलीला मी यास्क सांगितले नाहीत. पण फरक शब्द ज्याबद्दल बोलतो त्यात नाही, शब्द वाक्यात कसा उभा राहतो त्यात आहे, ही खात्री मला तिथून मिळाली.

आजीचं स्वयंपाकघर

तिसरा रविवार पावसात गेला, वर्ग झालाच नाही. छकुलीची आजी म्हणाल्या, “बाई, तुम्हीच या घरी. भुट्ट्याचा कीस करते आहे.” मी गेले. जे आम्हाला सापडलं ते त्या स्वयंपाकघरात.

कढईत किसलेला भुट्टा हिंग-मोहरीच्या फोडणीवर परतला जात होता, दूध पडलं होतं, हिरवी मिरची आधीच गेली होती. शेजारच्या शेगडीवर आमटी. आजींनी कीस चाखला आणि म्हणाल्या, “कीस जरा तिखट झाला वाटतं.” आणि लगेच आमटीकडे वळून, “छकुली, आमटीत तिखट घालायचं राहिलं गं. तिखटाचा डबा दे बघू.”

मी छकुलीला थांबवलं. दिनदर्शिकेचं उलटलेलं पान घेतलं आणि आजींची दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली.

कीस तिखट झाला.
तिखटाचा डबा दे.

“दोन्हीकडे तिखट आहे. सारखंच आहे का?”

ती बराच वेळ बघत राहिली. “खालच्यात टा झालंय.”

“वरच्यात करून बघ.”

“कीस तिखटा झाला...” ती हसली. “नाही होत.”

“का नाही होत?”

“वरचं कीस कसा आहे ते सांगतंय. खालचं डब्यात आहे.”

‘डब्यात आहे.’ यास्कांचं सत्त्व दहा वर्षांच्या मुलीनं मसाल्याच्या डब्यात बरोबर शोधून काढलं होतं. वरच्या वाक्यात तिखट हे विशेषण, किसाबद्दल काही सांगणारं. खालच्या वाक्यात तिखट हे नाम, चमच्यानं काढता येणारं. शब्द एक, उच्चार एक, पण एकाचं अंग ‘चा’ लागण्याआधी बदललं.

या बदललेल्या अंगाला मराठी व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. मराठीत विभक्तीचा प्रत्यय किंवा ‘वर’, ‘जवळ’, ‘साठी’ असं शब्दयोगी अव्यय नामाला लागायचं असेल तर बहुतेक वेळा नाम आधी आपलं अंग वळवून घेतं. घर, घराला. दुकान, दुकानात. शाळा, शाळेत. घोडा, घोड्यावर. जीभ, जिभेवर. मीठ, मिठाचा. माणूस, माणसाला. नुसतं ‘घरला’ किंवा ‘जीभवर’ म्हणून भागत नाही. हिंदीत ‘घोड़ा’चं ‘घोड़े पर’ होतं, पण ‘घर में’, ‘दुकान में’, ‘जीभ पर’ यांत शब्दाला धक्का लागत नाही, आणि ‘में’, ‘पर’ वेगळे लिहिले जातात. हिंदीत नाम कागदावर सुटं, ओळखीच्या रूपात दिसतं. मराठीत ते प्रत्ययाच्या पोटात शिरलेलं असतं. छकुलीच्या बोलण्यात ‘शाळामध्ये’, ‘घरमध्ये’ का येत होतं, आणि ‘थव्याला’, ‘चालण्यात’ यांत तिला शब्द का दिसत नव्हता, ही एकाच गाठीची दोन टोकं होती.

आजी आमटी ढवळता ढवळता म्हणाल्या, “मी तर हे कधी शिकले नाही बाई, पण बोलते बरोबर.” खरंच आहे. माझ्यापेक्षा त्यांचं बोलणं हाच छकुलीचा खरा धडा होता.

सोलणं

पुढच्या वेळी आम्ही सोलण्याचा खेळ केला. मी प्रत्यय लागलेला शब्द द्यायचा, मुलांनी प्रत्यय सोलून आतला मूळ शब्द काढायचा. दुकानात, दुकाना, दुकान. विहिरीत, विहिरी, विहीर. पावसात, पावसा, पाऊस. भावाला, भावा, भाऊ. नातवाला, नातवा, नातू. मुलांना हे इतकं आवडलं की घरून शब्द आणायला लागली.

‘गव्हाची’ला सगळे अडले. छकुली म्हणाली, “गव्ह.” मग स्वतःच म्हणाली, “असं काही नसतं.” तिला गेहूं ठाऊक होतं, गव्हाची पोळी रोज पानात होती, पण गहू हा सुटा शब्द तिच्या कानावर फारसा आलाच नव्हता. आमच्या घरांतली मराठी अशीच राहिली आहे. प्रत्यय लागलेली रूपं जिवंत आहेत आणि मूळ शब्दाच्या जागी हिंदी येऊन बसली आहे. मला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि सोलण्याचा खेळ नुसता व्याकरणाचा नाही हेही कळलं. त्यातून मुलांना आपल्याच घरातले हरवलेले शब्द परत मिळत होते.

या खेळानं ‘चालण्यात’ही उलगडलं. चालण्यात, चालण्या, चालणे. अंग वळलं, म्हणजे क्रिया उचलून बाजूला ठेवलेली. ‘आंबटपणा’ला ‘आंबटपणाने’ केलं, ‘थकवा’चं ‘थकव्यामुळे’ झालं. एकदा शेपटं ओळखीची झाली की भाववाचक नामं दिसायला लागतात. आंबटचा आंबटपणा, गोडचा गोडवा, श्रीमंतची श्रीमंती, मित्राची मैत्री. ‘गरम’चं काय होतं ते तिनं करून पाहिलं. ‘गरमात’ होईना, ‘गरम्याला’ होईना. “उष्णतेला होतं,” ती म्हणाली. गरम विशेषण, उष्णता नाम. हा फरक मी व्याख्या सांगून दोन आठवडे कळवू शकले नव्हते.

इंदूर सुटलं

इथे मला वाटलं होतं की झालं. मुलांना नवा उतारा दिला. छकुलीनं भराभर रेघा मारल्या. ‘आनंदानं’, ‘गर्दीतून’, ‘धावण्याची’ सगळं बरोबर. आणि ‘इंदूरला’ कोरं. ‘नदीत’ कोरं. ‘बसमध्ये’ कोरं. उलट ‘मला’, ‘त्याला’ आणि ‘आजचा’ यांच्याखाली रेघा.

पहिल्या दिवशी जिला फक्त नावंच दिसत होती, तिनं आज आपल्या गावाचंच नाव सोडलं. कारण विचारल्यावर म्हणाली, “इंदुराला होत नाही बाई, इंदूरलाच होतं. अंग बदललं नाही म्हणून नाम नाही.”

तिची शिस्त बरोबर होती, माझं साधन अपुरं होतं. गावांची नावं पुष्कळदा अंग वळवत नाहीत. इंदूरला, नागपूरला, मुंबईला. त्यातही सगळी एका चालीची नाहीत: पुणे वळतं, पुण्याला होतं. इंदूरसुद्धा ‘ला’ लागताना वळत नाही, पण ‘इंदुरात’ म्हणताना वळतं. ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द एकवचनात तसेच राहतात, नदीला, गाडीत. अनेकवचनात मग नद्यांना, गाड्यांत होतं. इंग्रजीतून आलेले बस, पेन, मोबाइल यांचं अजून ठरलेलं नाही, ‘पेनानं’ही ऐकू येतं आणि ‘पेननं’ही. उलट ‘मला’, ‘त्याला’ ही सर्वनामं. तीही विभक्ती घेतात, अंगही बदलतात. ‘आज’ हे क्रियाविशेषण असून ‘चा’ घेऊन मोकळं होतं. म्हणजे प्रत्यय लागला म्हणून नाम, असं नाही. आणि अंग वळलं नाही म्हणून नाम नाही, असंही नाही.

एका साक्षीवर निकाल देता येत नाही. दुसरी साक्ष हवी होती, आणि तीही मुलांना तोंडानं म्हणून बघता येईल अशी. आधी मी ‘चांगला, चांगली, चांगलं’ पुढे लावून बघायला सांगितलं. चांगला थवा, चांगली गर्दी, चांगलं दुकान. पाच मिनिटांत एका मुलानं ते मोडून दाखवलं: “चांगला उडाला पण होतं, बाई.” होतंच. मराठीत ‘चांगला धावला’, ‘चांगली झोपली’ म्हणतात, तिथे चांगला हे क्रियेला लागतं. ही साक्ष फुटली.

मग ‘आजीचा, आजीची, आजीचं’ घेतलं. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. ऐकणाऱ्याला ‘काय?’ विचारावंसं वाटलं तर शब्द नाम नाही.

आजीचा थवा. ठीक.
आजीचा आनंद. ठीक.
आजीचं इंदूर. ठीक.
आजीचं गरम. “गरम काय?”
आजीचा उडाला. “काय उडाला?”
आजीचं मला. सगळे हसले.
आजीचा आज. नाही.

ही साक्ष टिकली. तिची ताकद कशात आहे ते शोधताना लक्षात आलं की चा, ची, चं यांतलं एक निवडताना मूल नकळत शब्दाचं लिंग ठरवत असतं. मराठीत प्रत्येक नामाला लिंग असतंच, पुल्लिंग, स्त्रीलिंग किंवा नपुंसकलिंग. ‘उडाला’ला किंवा ‘गरम’ला स्वतःचं लिंग नाही, ते दुसऱ्याकडून घेतलेलं असतं. गरम पोहे, गरम आमटी, गरम दूध: गरमनं काही निवडलेलंच नाही.

मग आमचा नियम असा ठरला. आधी आजीचा-ची-चं. तिथे शब्द उभा राहिला तर नाम. मग अंग वळतं का पाहायचं. वळलं तर पक्कं, नाही वळलं तरी हरकत नाही. आणि दोन्ही गोष्टी शब्दावर नाही, वाक्यातल्या त्या जागेवर करून पाहायच्या. कारण तिखट एका वाक्यात नाम असतं आणि दुसऱ्यात नसतं. ‘गरीब माणूस’मध्ये गरीब विशेषण आहे, ‘गरिबांना ब्लँकेटं वाटली’मध्ये तेच नाम आहे. विशेषण माणसाला सोडून एकटं चालायला लागलं की नामाचं काम करतं, आणि मग त्याचंही अंग वळतं.

लिंगाचा प्रश्न, जो मी सोडून दिला

‘आजीचा चहा’ की ‘आजीची चहा’? वर्गात दोन तट पडले. हिंदीत चाय स्त्रीलिंगी, म्हणून इंदूरची मुलं सर्रास ‘चहा झाली’ म्हणतात. आवाजाचं तसंच, हिंदीत तो ‘मेरी आवाज़’. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. नाकाचंही तेच. पोह्यांचं तर वचन बदललं आहे: आजी ‘पोहे खाल्ले’ म्हणतात, नात ‘पोहा खाल्ला’.

मी या चुका त्या महिन्यात दुरुस्त केल्या नाहीत, आणि याबद्दल एका सहकारी शिक्षिकेशी माझा वादही झाला. माझं म्हणणं असं की ज्या मुलीला ‘चहा’पुढे ची लावायची की चा हा प्रश्न पडला, तिनं चहा नाम आहे हे आधीच ओळखलेलं आहे. उत्तर चुकलं तरी प्रश्न बरोबर पडला. लिंग दुरुस्त करायला आजी आहेत, वर्षं आहेत. नाम ओळखण्याच्या मधोमध लिंगाची सक्ती आणली असती तर मूल दोन्ही सोडून बसलं असतं. सहकारी म्हणत होत्या की चूक कानात मुरते. ती भीती खोटी नाही. ‘आवाज’ स्त्रीलिंगी धरला तर उद्या त्याचं सामान्यरूपही चुकेल, ‘आवाजाने’च्या जागी काहीतरी वेगळंच येईल. तरी क्रम मी पुन्हा असाच ठेवीन.

सहावा रविवार

सुरुवातीचा राजवाड्याचा उतारा पुन्हा काढला. एकवीसपैकी वीस ठिकाणी रेघा होत्या. राहिलं होतं ‘सकाळी’. तिचं म्हणणं होतं की ‘सकाळी’ हे कधी गेली ते सांगतं. तेही खोटं नाही. सकाळ हा शब्द नाम आहे, आजीची सकाळ म्हणता येतं, आणि ‘सकाळी’ हे त्याचं सप्तमीचं रूप. पण या वाक्यात ते काम क्रियाविशेषणाचं करतं. मी दोन्ही मान्य केलं. मग ‘रविवारी’खाली रेघ का, असं मी विचारलं नाही, पण ती स्वतःच मध्येच थांबून त्या रेघेकडे बघत बसली होती.

त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या घरातलं, आपल्या गावातलं एकेक वाक्य आणायचं होतं. एका मुलानं आणलं: ‘काल आम्ही छप्पनला गेलो.’ छप्पन दुकान इंदूरच्या प्रत्येकाला माहीत आहे, खाण्याच्या दुकानांची ती रांग. छप्पन हा आकडा आहे, ‘छप्पन दुकानं’ म्हटलं तर संख्या सांगणारं विशेषण. पण ‘छप्पनला’? मुलांनीच निकाल दिला. आजीचं छप्पन, ठीक. अंग वळत नाही, पण इंदूरही वळत नाही. ठिकाणाचं नाव, विशेषनाम. मग कुणीतरी सराफा आणला. तो दिवसा दागिन्यांचा बाजार, रात्री खाण्याचा; सराफा, सराफ्यात, अंग वळतं. दोन्ही खायच्या जागा, पण दोन वेगळ्या चालीची नामं, यावर बराच वेळ चर्चा झाली आणि सगळ्यांना भूक लागली.

छकुलीचा कागद शेवटी आला. तिनं लिहिलं होतं: ‘आजीच्या असू दे ला आई कंटाळते.’

तिच्या घरी काही सांडलं, काही फुटलं, कुणी उशिरा आलं की आजी ‘असू दे’ म्हणतात. मला ते ठाऊक होतं. पण असू दे हे नाम? दोन शब्द, त्यातलं एक क्रियापद, आणि आज्ञा.

“हे नाम आहे का, बाई?”

“तूच बघ.”

“आजीचं असू दे,” ती म्हणाली. थोडं थांबली. पुन्हा म्हणाली, “आजीचं असू दे.” शेजारच्या मुलीकडे पाहिलं. तिनं ‘काय?’ विचारलं नाही. “आणि ला लागलंय. अंग वळलं नाही, पण इंदूरसारखं.”

मी ‘असू दे’ला अवतरणचिन्हं घातली, ‘ला’ जोडून दाखवला, आणि दोन्ही शब्दांखाली मिळून एकच रेघ मारून वही तिला परत दिली.